न्हाणीघरातले चार अपघात

"आई, यंदा मडकं फेकायचं नाही," असे म्हणून गेरासिमोस आपल्या मसुरांवर व्हिनेगर ओतत राहिला.

ईस्टरआधीच्या मोठ्या शुक्रवारचे जेवण चालले होते. त्या दिवशी आमच्या गावात कुणी मोठ्याने बोलत नाही, हसत नाही आणि मसुरांवर तेलाचा थेंबही घेत नाही. म्हणून अग्लायाबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि जावयाकडे अशा काही नजरेने पाहिले, की त्यांच्या मुलीने, रेगीनाने, आईच्या हाताजवळचा काचेचा ग्लास हळूच उचलून आपल्याकडे घेतला.

"जावईबापू," अग्लायाबाई म्हणाल्या, "तुम्ही केफालोनियाचे. तुमच्या बेटावर काय पद्धत आहे मला ठाऊक नाही. पण कॉर्फूत मोठ्या शनिवारी अकराच्या घंटेला ज्या गॅलरीतून मडकं पडत नाही, त्या घरात एकतर कुणी राहत नसतं, नाहीतर कुणी गेलेलं असतं. मी राहते आणि मी जिवंत आहे."

"म्हणून तर विनंती करतोय."

गेरासिमोस हा सरळ माणूस. त्याला कुणी काही विचारले की तो पहिल्यापासून समजावून सांगायला बसतो, आणि हा त्याचा गुण सासरी फारसा कुणाला सोसत नाही. अथेन्सच्या एका कंपनीसाठी त्याने आमच्या गल्लीखालच्या पाण्याच्या नळाला एक सेन्सर बसवला होता. नळ कुठे गळू लागला की त्याची फुसफूस त्या सेन्सरला ऐकू येई. रस्त्यावर गाडी आदळली की तो दणका त्याला कळे. आणि दणका व पाणी दोन्ही एकदम कळले, की गाडीने नळ फोडला असे समजून तो गल्लीचे पाणी आपण होऊन बंद करी आणि रुग्णवाहिका बोलावी. गल्लीतल्या बायकांनी त्याचे नाव 'कान' ठेवले होते. हा कान बरोबर अग्लायाबाईंच्या गॅलरीखाली, लोखंडी झाकणाच्या आत होता.

"मडकं काठोकाठ पाण्यानं भरलेलं असतं," गेरासिमोस म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरून पडलं की दणका होतो आणि पाणी सांडतं. कानाला वाटणार, गाडीनं नळ फोडला. आणि उद्या नेमके अथेन्सहून साहेब येतायत तपासायला. एकदा जरी तो खोटा ओरडला, तरी कंपनी तो उपटून नेणार."

"नेऊ दे. माझ्या आईच्या वेळेला कुठं होता कान?"

"त्याच्याबरोबर मलाही नेणार, आई. कोझानीला."

अग्लायाबाईंनी विचारले, "तिथं समुद्र आहे?"

"नाही. डोंगर आहेत."

"आणि माटिना?"

"माटिना आमच्याबरोबर," रेगीना खाली बघत म्हणाली.

चार वर्षांची माटिना रोज सकाळी खालच्या मजल्यावरून उलट्या चपला घालून जिना चढून येई, आजीच्या हातची तेलसाखर लावलेली पोळी खाई आणि रात्री काय स्वप्न पडले ते अर्धे खरे, अर्धे रचून सांगे. नवरा गेल्यापासून अग्लायाबाईंचा दिवस त्या चपलांच्या आवाजाने सुरू होत असे. ती गेली तर आपण सकाळी उठायचे कशासाठी, हे त्यांना खरोखरच सुचेना. त्यांनी ताटली पुढे सारली.

"तासभर बंद ठेवा ना तुमचा कान."

"बंद केला की अथेन्सला कळतं."

"मग ठीक आहे," अग्लायाबाई म्हणाल्या. "गल्लीत मडकं पडणार नाही. मी बघते."

झाकणाच्या आसपास गॅलऱ्या असलेली घरे चार. शिंपीण आणि कोपऱ्यावरचा न्हावी अग्लायाबाईंच्या शब्दाबाहेरचे नव्हते. प्रश्न होता तो समोरच्या सोसिपात्रोसचा. हा गृहस्थ आयुष्यभर गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवून निवृत्त झालेला. त्याचे आणि अग्लायाबाईंचे लहानपणापासूनचे वाकडे. दर ईस्टरला कुणाचे मडके मोठे, यावरून दोघांत वर्षभर पुरेल एवढे बोलणे होई. त्यामुळे त्या आपण होऊन आपल्या दारात आलेल्या पाहून त्याने आधी खुर्ची पुढे केली आणि मग संशय घेतला.

"फेकायचं नाही म्हणजे?" सगळे ऐकून तो म्हणाला. "मग अकरा वाजता मी गॅलरीत उभं राहून काय करू? हात हलवू लोकांना?"

"घरात बस."

"भरलेलं मडकं घेऊन? अगं अग्लाया, फुटलं नाही तर वर्षाची पीडा घरातच राहते. तुला चालेल?"

अग्लायाबाईंनाही ते चालणार नव्हते.

"तुझ्या केफालोनियाकराचं म्हणणं काय?" सोसिपात्रोसने शेवटी विचारले. "गल्लीत पडायला नको, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग टबात फोडू. न्हाणीघरात. पाणी टबात, खापऱ्या टबात. टब तिसऱ्या मजल्यावर, कान जमिनीखाली. मध्ये एवढं दगडी घर आहे. त्याला काय कप्पाळ ऐकू जाणार?"

कल्पना बिनतोड होती. अग्लायाबाईंना फक्त ती त्याला सुचली याचे वाईट वाटले. जावयाला यातले काही सांगायचे नाही असे ठरले, कारण सांगितले असते तर तो समजावून सांगायला बसला असता.

शनिवारी सकाळी रेगीना माटिनाला घेऊन बँड बघायला चौकात गेली. गल्लीत लोखंडी झाकणापाशी गेरासिमोस लग्नातला कोट घालून उभा होता. त्याच्या शेजारी अथेन्सचे साहेब, कालोयेरोपुलोस, हातात टॅब्लेट धरून घड्याळाकडे बघत होते. अकराची घंटा झाली. गावभर मडक्यांचा धडाका उडाला, लोकांचा गलका झाला, कबुतरे उडाली. आमच्या गल्लीत मात्र काही पडले नाही. चारी गॅलऱ्या रिकाम्या होत्या. गेरासिमोसने सुटकेचा श्वास सोडला. साहेबांनी मात्र वर पाहून कपाळाला आठी घातली.

त्याच वेळी चार न्हाणीघरांत चार माणसे अत्यंत गंभीर चेहऱ्याने उभी होती. अग्लायाबाईंनी काळा पोशाख केला होता. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, गेलेल्या माणसांची नावे घेतली, लाल रंगवलेले मडके दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलले आणि टबात सोडले.

त्यांचा टब जुन्या वळणाचा, ओतीव लोखंडाचा. नळाची तोटी त्याला घट्ट जडवलेली. तोटीमागची नळी भिंतीतून तीन मजले खाली उतरून थेट गल्लीतल्या मोठ्या नळाला मिळालेली. चारी घरांत तीच तऱ्हा. रस्त्यावरच्या दणक्याला कानापर्यंत पोचायला दगड आणि माती ओलांडावी लागली असती. हा दणका लोखंडातून सरळ गेला. म्हणजे चौघांनी मिळून कानाच्या अगदी भोकात तोंड घालून आरोळी ठोकली होती.

टॅब्लेट लाल झाला आणि किंचाळू लागला. झाकणाखाली काहीतरी खटकन फिरले आणि गल्लीचे पाणी बंद झाले.

"चार अपघात," साहेब वाचू लागले. "चार घरांच्या नळांवर. शिवाय पाणी." त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. गल्लीत एक मांजर होते. "गाडी कुठाय?"

"दिसत नाही, साहेब."

"एकही?"

"एकही नाही. साहेब, कदाचित पलीकडच्या गल्लीतल्या मडक्यांमुळं..."

"मडकी?" साहेबांनी चष्मा काढला. "अहो, मडक्यांचा आवाज त्याला पाठ आहे. गेल्या ईस्टरचा सगळा धडाका रेकॉर्ड करून आम्ही अथेन्समध्ये त्याला शिकवलाय. दगडावर मडकं फुटलं की तो ओळखतो आणि गप्प बसतो. तो गप्प बसतो की नाही, हेच बघायला तर मी आजचा दिवस निवडला. आणि तुमच्या गल्लीत एकानंही मडकं फेकलं नाही."

"मला कुणी कळवलं नाही."

"परीक्षेतला प्रश्न आधी कळवतात का?"

हे बोलणे वर अग्लायाबाईंना शब्दन् शब्द ऐकू आले. त्या न्हाणीघराच्या खिडकीत ओल्या सपाता घालून उभ्या होत्या. मागे टब खापऱ्यांनी तुंबून भरला होता. स्वयंपाकघरात परातीत ईस्टरच्या सूपासाठी आणलेली कोकराची आतडी अर्धवट धुतलेली पडली होती आणि नळाला थेंब नव्हता. पण त्यांचे लक्ष त्यात नव्हते. आपण नेहमीसारखे मडके फेकले असते तर काहीच झाले नसते, आणि आपण शहाणपण केले म्हणून माटिना कोझानीला चालली, एवढे एकच त्यांना कळत होते.

रुग्णवाहिका निघाली होती, पण वाटेत तिच्यापुढे बँड आला. मडकी फुटली की बँड वाजत गावातून फिरतो आणि त्याला बाजूला हो म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही. त्यामुळे ती बँडची एक सबंध धून संपेपर्यंत ट्रॉम्बोनवाल्यांच्या मागून त्यांच्याच पावलाने चालत आली. तोवर साहेबांनी टॅब्लेटवर लिहायला घेतले होते.

"खोटा इशारा," ते मोठ्याने बोलत लिहीत होते. "चार वेळा."

रुग्णवाहिकेचा माणूस धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आला. "कोण पडलंय?"

अग्लायाबाईंनी एकदा खिडकीतून खाली पाहिले. कोटातला जावई झाकणाकडे असा बघत उभा होता, की जणू तिथे कुणाला पुरले आहे.

"मी," त्या म्हणाल्या आणि न्हाणीघराच्या फरशीवर, पोशाख चुरगळणार नाही अशा बेताने, आडव्या झाल्या.

त्या माणसाने टबात पाहिले. तो आमच्याच गावचा होता. सकाळी त्याच्याही आईने मडके भरले होते. त्याने लाल खापऱ्या पाहिल्या, अग्लायाबाईंकडे पाहिले, मग खुंटीवरचा टॉवेल काढून टबावर नीट पसरला.

"कुठं दुखतंय, मावशी?"

"तूच सांग."

"मुका मार," तो गंभीरपणे म्हणाला आणि स्ट्रेचर मागवले.

अग्लायाबाईंना खाली आणले तेव्हा गेरासिमोस पांढराफटक पडून धावत आला. साहेबही वाकून बघू लागले.

"बाई न्हाणीघरात पडल्या," रुग्णवाहिकेच्या माणसाने सांगितले.

"म्हणजे एक इशारा खरा," साहेब म्हणाले. "पण उरलेले तीन खोटेच. तीन खोटे म्हणजे फार झाले."

समोरची खिडकी उघडली. "मीपण पडलोय," सोसिपात्रोस म्हणाला.

"तुम्ही तर उभे आहात."

"आत्ताच उठलो. थांबा, पुन्हा आडवा होतो." आणि तो खिडकीतून दिसेनासा झाला. त्याच्यामागून शिंपिणीच्या घरातून कण्हण्याचा आवाज आला. न्हावी तर स्वतःच लंगडत खाली आला, फक्त पायरीगणिक पाय बदलत होता.

कालोयेरोपुलोस काही खुळे नव्हते. "चौघंही? एकाच मिनिटाला?"

स्ट्रेचरवर पडल्यापडल्या अग्लायाबाईंनी डोळे मिटले. "पहिल्या पुनरुत्थानाची अंघोळ असते, साहेब. घंटेचा पहिला ठोका पडला की गल्लीतली वडीलधारी माणसं पाण्यात पाय घालतात. गाव दणाणतं, माणूस दचकतं, टब निसरडा. दर वर्षी कुणीतरी पडतंच. यंदा सगळेच पडलो. देवाची मर्जी."

"हे मी कधी ऐकलं नव्हतं."

"घरातली गोष्ट आहे. अंघोळ काय लोकांना दाखवून करायची?"

साहेब अथेन्सचे होते, आणि अथेन्सच्या माणसाला बेटावरच्या रीतींबद्दल काहीही सांगितले तरी तो मान खाली घालून ऐकतो. त्यांनी गेरासिमोसकडे पाहिले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

गेरासिमोसचे तोंड उघडले. त्याने सासूकडे पाहिले. सासूचे डोळे मिटलेलेच होते, पण एक पापणी किंचित थरथरत होती.

"मी केफालोनियाचा," तो म्हणाला. "मला इथलं सगळं सांगत नाहीत."

साहेब गल्लीत येरझारा घालू लागले. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. नळाची गळती ऐकणारा आणि गाड्यांची टक्कर ऐकणारा सेन्सर म्हाताऱ्या माणसांचे घरात पडणेही ऐकतो, हे आजवर कंपनीत कुणाच्या डोक्यात आले नव्हते. किती एकटी माणसे न्हाणीघरात पडून राहतात, कुणाला पत्ता लागत नाही, असे ते बोलू लागले. त्यांची आई पात्रास शहरात एकटी राहत होती.

"सेन्सर इथंच राहील," ते म्हणाले. "आणि गेरासिमोस, तुम्हीही. अभ्यास इथंच व्हायला हवा. इतकं पडणारी गल्ली दुसरी मिळायची नाही. जोवर नोंदी येतायत, तोवर तुम्हाला इथून कुणी हलवत नाही."

ईस्टरच्या जेवणाला अग्लायाबाई उशी घेऊन बसल्या. माटिनाने त्यांच्या अंड्यावर आपले लाल अंडे आपटून फोडले आणि आजी हरली म्हणून टाळ्या पिटल्या. गेरासिमोस सगळ्यांना वाढत होता. तो काही विचारत नव्हता आणि काही समजावूनही सांगत नव्हता, हे रेगीनाला जरा चमत्कारिक वाटले.

मे महिना सुखात गेला. जूनमध्ये एकदा जेवताना गेरासिमोसचा फोन वाजला. तो "हो साहेब, नाही साहेब" करत गॅलरीत गेला आणि परत येऊन पाव मोडत बसला.

"काय म्हणतात?" अग्लायाबाईंनी विचारले.

"विचारतायत, गल्लीत कुणी पडत कसं नाही."

"म्हणजे? पडायलाच हवं का?"

"ईस्टरनंतर एकही नोंद नाही. नोंद नसेल तर इथं माणूस ठेवून काय उपयोग, म्हणाले. कोझानीत म्हातारी माणसं पुष्कळ आहेत."

संध्याकाळी अग्लायाबाई पुन्हा समोरच्या घरी गेल्या. या वेळी सोसिपात्रोसने संशय घेतला नाही. त्याने पलंगाखालून दोन मडकी ओढून काढली.

"पहिला मी पडतो," तो म्हणाला.

"तू कशाला? नात माझी आहे."

"वयानं मी मोठा आहे. माझं पडणं जास्त खरं वाटेल."

"ईस्टरला खिडकीत उभा राहून पडला होतास. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? या खेपेला मी. पुढच्या महिन्यात तू."

शनिवारी सकाळी अग्लायाबाईंनी मडके भरून न्हाणीघरात धुण्याच्या टोपलीमागे ठेवले, वर चादर टाकली आणि रेगीना बाजारात जाण्याची वाट बघत बसल्या. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली आणि गेरासिमोस ड्रिल आणि एक चकचकीत स्टीलचा दांडा घेऊन आत आला.

"आई, तुमच्या टबाशेजारी धरायला काही नाही," तो म्हणाला. "माझ्या जिवाला घोर लागून राहतो."

"मला नको काही. मी पडणार नाही."

"पडलात एकदा."

त्याला अडवायला काही कारण सुचेपर्यंत तो न्हाणीघरात शिरला होता. भिंतीपाशी जायला वाट नव्हती म्हणून त्याने टोपली सरकवली. चादर घसरली. काठोकाठ भरलेले मडके उघडे पडले. अग्लायाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मनात फक्त एवढेच आले, की हा सरळ माणूस आता साहेबांना फोन करणार, आणि माटिनाच्या कपड्यांची बॅग भरावी लागणार.

गेरासिमोसने मडके दोन्ही हातांनी उचलले. थेंब सांडू न देता टबाशेजारच्या स्टुलावर, बरोबर हाताच्या उंचीवर ठेवले. मग भिंतीला चार भोके पाडली, दांडा बसवला, स्क्रू पिळले आणि आपले सगळे वजन टाकून दांडा ओढून पाहिला.

"डाव्या बाजूला लावलाय," तो ड्रिल पुसत म्हणाला. "तुमचा उजवा हात चालतो ना?"

"हो," अग्लायाबाई म्हणाल्या.

"मग डाव्या हातानं हा घट्ट धरायचा. म्हणजे खरोखर घसरायला होणार नाही. रेगीना खाली आहे, तिला मी सांगून ठेवतो, दणका ऐकून घाबरू नको म्हणून."

त्याने हत्यारे गोळा केली आणि दारापर्यंत गेला. तिथे थांबून, मागे न वळता तो म्हणाला, "आणि आई, टबाच्या भोकावर आधी जाळी ठेवा. मागच्या खेपेला तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा त्यात अडकलेल्या खापऱ्या काढता काढता माझा ईस्टरचा अख्खा सोमवार गेला."